न हसणारी माणसे : मराठी कौटुंबिक छायाचित्रांतील भावाविष्कार (सुमारे १८५५ ते १९७०)

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात इतिहासाच्या साधनांचा परिचय करून देताना विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील एखादे जुने छायाचित्र आणावयास सांगण्याचा प्रघात प्रस्तुत लेखिकेने काही वर्षे ठेवला आहे. येणारी छायाचित्रे बहुधा आजोबा-पणजोबांच्या काळातील असतात आणि ती पाहून उमटणारी पहिली प्रतिक्रियाही ठरलेली असते : "मॅडम, ही सगळी माणसे एवढी रागावलेली का आहेत?" प्रश्न भाबडा वाटला तरी त्यामागे एक गृहीतक आहे. भावना चेहऱ्यावर दिसते आणि चेहऱ्यावर दिसत नसेल तर ती नाहीच, असे ते गृहीतक. त्याच्या आधारे जुन्या मराठी कुटुंबाविषयी निष्कर्षही काढले जातात. पती-पत्नींत जिव्हाळा नव्हता, बाप मुलांशी कोरडा वागे, वगैरे. यांतील काही विधाने अन्य साधनांवरून खरी ठरतीलही. परंतु छायाचित्रातील न हसणारा चेहरा हा त्यांचा पुरावा होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जवळजवळ शतकभर मराठी कौटुंबिक छायाचित्रात भावना व्यक्त होत होती ती मुख्यतः बैठकीतून. कोण कोणाशेजारी बसले, हात कोठे ठेवला, अंतर किती राखले, हातात काय धरले आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवले, हे पाहिल्याशिवाय त्या छायाचित्राचे वाचन होत नाही.

येथे एक मर्यादा आरंभीच नोंदविली पाहिजे. छायाचित्र काढवून घेणे ही दीर्घकाळ पैसेवाल्यांची व शहरांशी संबंध असलेल्यांची चैन होती. म्हणून पुढील विवेचन बव्हंशी मध्यमवर्गीय व बऱ्याच अंशी उच्चवर्णीय घरांचे आहे.

नमुना आणि कुटुंब

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली व लवकरच हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतील एतद्देशीय छायाचित्रकारांची ठळक नावे होत. म्हणजे मराठी माणूस कॅमेऱ्यासमोर बसू लागला त्याच सुमारास तो कॅमेऱ्यामागेही उभा राहिला होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

याच काळातील दुसरा प्रवाह वेगळ्या हेतूचा होता. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ ही सरकारी आश्रयाखालील आठ खंडांची मालिका १८६८ ते १८७५ या काळात निघाली. या ग्रंथांतील माणसांना जात आहे, पेहराव आहे, धंदा आहे, नाते नाही. जॉन्सनने तर अनेक ठिकाणी एकीकडे घेतलेली माणसांची चित्रे दुसरीकडच्या देखाव्यावर जोडली आहेत. माणूस आपल्या जागेवरून उचलून पाहिजे तेथे ठेवता येतो, हीच त्यामागची दृष्टी होय. तेथील निर्विकार चेहरा हा पाहिल्या जाणाऱ्या माणसाचा चेहरा आहे.

स्टुडिओत पैसे देऊन, ठेवणीतील पागोटे घालून बसलेल्या गृहस्थाचा चेहरा वरवर तसाच दिसतो. परंतु त्याला कोणी आणून बसविलेले नाही. आपण कसे दिसावे आणि कोणाला दिसावे, हे त्याने ठरविले आहे. दोन्ही चेहरे सारखे दिसतात म्हणून त्यांचा अर्थ सारखा धरणे, ही आपल्या वाचनातील पहिली चूक होय.

न हसण्याची कारणे

जुन्या छायाचित्रांत लोक हसत नाहीत याचे कारण विचारले असता तंत्राकडे बोट दाखविण्याची पद्धत आहे. ओल्या काचेच्या काळात काही सेकंद निश्चल बसावे लागे, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार दिला जाई आणि एवढा वेळ हसू टिकविणे अवघड होते. हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. कोरड्या जिलेटिन काचेचा शोध १८७१ चा. पुढील दशकात ती सर्वत्र रुळली आणि प्रकाशनाचा काळ पुष्कळ कमी झाला. तरीही मराठी घरांतील समूहचित्रांत १९४० पर्यंत, कित्येक घरांत त्यानंतरही, दात दिसत नाहीत. तंत्राची अडचण दूर झाल्यावर साठ वर्षे जी गोष्ट टिकली तिचे कारण तंत्राबाहेर शोधावे लागते.

ते कारण आपल्या भाषेतच सापडते. देवादिकांच्या चित्राला आणि घरातील वाडवडिलांच्या छायाचित्राला आपल्याकडे ‘तसबीर’ हा एकच शब्द वापरला गेला आणि सोप्यात दोन्ही एकाच रांगेत, भिंतीतून किंचित पुढे झुकवून, टांगल्या गेल्या. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याला हे ठाऊक असे की आपण येथे देत असलेल्या मुद्रेला पुढे हार घातला जाणार आहे. ज्या समाजात वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने हसणे हाच थिल्लरपणा मानला जाई, तेथे न जन्मलेल्या नातवंडांसमोर कायमचे हसत बसणे कोणाला रुचले असते? गंभीर मुद्रा ही येथे भावनेची अनुपस्थिती नसून एक विशिष्ट भावना आहे. तिला फारतर भारदस्तपणा म्हणता येईल, पण तो शब्दही पुरा पडत नाही.

भीतीही होती. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते ही समजूत गेल्या पिढीपर्यंत अनेक घरांत ऐकू येई. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी उमेदवारीच्या काळात गोध्रा येथे फोटो स्टुडिओ थाटला होता. तेथे या समजुतीचा त्यांना त्रास झाल्याचे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. त्याच काळात प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. ज्या काळात साथ आठवड्याभरात घर रिकामे करीत होती, त्या काळात आपली छाया कागदावर ठेवून देणे ही हसण्यासारखी गोष्ट नव्हती.

हात, खुर्ची आणि उखाणा

एकत्र कुटुंबातील मर्यादांचे काही संकेत येथे आठवावे लागतील. वडीलधाऱ्यांदेखत पती-पत्नींनी एकमेकांशी बोलू नये, शेजारी बसू नये. स्वतःच्या मुलाला बापाने आपल्या वडिलांदेखत मांडीवर घेऊ नये. पत्नीने पतीचे नाव घेऊ नये. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. दोघांतील अंतर आणि जवळीक ही दोन्ही त्या एका सर्वनामात सामावलेली आहेत.

अशा घरातील जोडपे स्टुडिओत जाते तेव्हा काय घडते? घरात जे सर्वांदेखत करता येत नाही ते येथे करावयास एक परका मनुष्य, काळ्या कापडाखाली डोके घालून, सांगत असतो. शेजारी बसा, जरा जवळ सरका, हात खुर्चीवर ठेवा. स्टुडिओ हे त्या अर्थाने घरापासून दूर असलेले, परवानगी असलेले ठिकाण होते. आणि जे छायाचित्र तयार होई ते मात्र पुन्हा घरातच, वडिलांच्या नजरेखाली लागणार असे. तेव्हा जवळीक दाखवावयाची, पण ती मर्यादेच्या भाषेत, असा हा पेच होता.

हा पेच आपल्याला नवा नाही. पतीचे नाव घ्यावयाचे नाही आणि तरीही ते चारचौघांत घ्यावयाचे, यासाठी मराठी स्त्रीने उखाण्याची वाट काढली. नाव यमकाच्या आड ठेवले की ते उच्चारता येते. साचा जुना, सर्वांना पाठ असलेला. पण घेणारीचा आवाज कोठे अडखळतो, हे ऐकणाऱ्या बायकांना बरोबर कळते. कौटुंबिक छायाचित्रातील बैठक हा अशाच प्रकारचा उखाणा आहे, असे म्हणावेसे वाटते. पती खुर्चीवर, पत्नी उजवीकडे किंवा डावीकडे उभी, मधे उंच तिपाईवर फुलदाणी, मागे रंगविलेला पडदा, हा साचा झाला. साच्यात माणसे काय करतात ते पाहिले पाहिजे. पत्नीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे की त्यापुढे दोन बोटे सरकून कोटाच्या शिवणीला लागला आहे? पती खुर्चीवर पाठ टेकून बसला आहे की उभ्या असलेल्या स्त्रीच्या बाजूला किंचित कलला आहे? क्वचित पत्नी खुर्चीवर आणि पती मागे उभा, अशी रचना दिसते. ती पाहिली की त्या घराविषयी अधिक चौकशी करावीशी वाटते. बाप स्वतः मूल घेऊन बसला असेल तर, वर सांगितलेला संकेत लक्षात घेता, ती कृती आजच्या शंभर हसऱ्या छायाचित्रांहून बोलकी आहे.

हातातील वस्तूंचेही तसेच. पुस्तक, मिटलेली छत्री, घड्याळाचा छडा या गोष्टी स्टुडिओत भाड्याने मिळत, म्हणून त्यांना महत्त्व देऊ नये असा एक आक्षेप घेता येईल. परंतु स्त्रीच्या हातात उघडे पुस्तक देणे ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सहज घडणारी गोष्ट नव्हती, मग ते पुस्तक कोणाचेही असो. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ मध्ये दाखविले की तेथे लोक ‘आपण आहोत तसे’ दिसण्यासाठी नव्हे, तर आहोत त्याहून चांगले दिसण्यासाठी येतात. हे आपल्याकडेही लागू पडते. मात्र त्यात एक भर घालावी लागेल : मराठी कुटुंबात ‘चांगले दिसणे’ हे एकट्याचे नसून नात्याचे होते.

आणखी एक तांत्रिक बाब येथे भावनेशी जोडलेली आहे. त्या काळच्या अनेक काचा तांबड्या रंगाला संवेदनशील नव्हत्या. त्यामुळे कपाळावरचे कुंकू छायाचित्रात काळे येई. सौभाग्याचे चिन्ह काळे दिसावे हे घरच्यांना खपत नसे, म्हणून छापील प्रतीवर बारीक कुंचल्याने तांबडा ठिपका देण्यात येई. रंग उडालेल्या, पिवळट पडलेल्या कागदावर तेवढा एक ठिपका आजही टवटवीत असलेली छायाचित्रे लेखिकेने पाहिली आहेत.

मृत्यूनंतर या छायाचित्रांना दुसरे आयुष्य मिळे. घरातील स्त्रीचे स्वतंत्र छायाचित्र बहुधा नसेच. ती गेली की एखाद्या समूहचित्रातून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करून घ्यावा लागे. अशा तसबिरींत कधी कधी खांद्यावर कोणाची तरी बोटे राहून गेलेली दिसतात. चांगला कारागीर ती पदराच्या रंगात बुजवीत असे. न बुजविलेली बोटे कोणाची, हे घरात कोणालाही आता सांगता येत नाही. पण चेहऱ्यावर शोधूनही न सापडणारी माया तेथे, खांद्यावर, चिकटून राहिलेली असते.

वाचनाची मर्यादा

इतके सांगितल्यावर एक सावधगिरीही सांगणे प्राप्त आहे. आनंदीबाई जोशी यांचे फिलाडेल्फियातील १० ऑक्टोबर १८८५ चे छायाचित्र सर्वपरिचित आहे. पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लांबुली आणि आनंदीबाई, आपापल्या देशाच्या पोशाखात त्यात आहेत. आनंदीबाईंच्या मुद्रेत पाहणाऱ्याला हटकून दुःख दिसते. पण ते आपल्याला दिसते, कारण आपल्याला पुढचे-मागचे ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला, हे ठाऊक आहे. या छायाचित्रानंतर पाच महिन्यांनी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच वारल्या, हेही ठाऊक आहे. ही माहिती बाजूला ठेवून पाहिले तर चेहरा काहीच सांगत नाही. सांगतो तो पोशाख. तिघींनी तो धारण केला आहे आणि त्यात त्या ताठ बसल्या आहेत. रोलाँ बार्त याने १९८० मधील आपल्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्राविषयी एवढे लिहिले, ते त्यात छापलेच नाही. ते इतरांना काही सांगणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा मार्ग मोकळा नाही. त्याला छायाचित्र दाखवावे लागते आणि आपण त्यात काय घालीत आहोत व त्यातून काय काढीत आहोत, याचा हिशेबही द्यावा लागतो.

हसण्याचा आग्रह

हसरा चेहरा मराठी छायाचित्रांत केव्हा आला, याचे एक साल सांगता येणार नाही. कॅमेरा घरात आला तेव्हा तो आला, असे ढोबळमानाने म्हणता येते. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १८८८ पासून घरगुती कॅमेऱ्याचा प्रसार केला. तिच्या जाहिरातींनी छायाचित्र आणि आनंद यांची सांगड कशी घातली, याचे विवेचन ख्रिस्तिना कोचेमिदोवा यांनी २००५ च्या एका लेखात केले आहे. आपल्याकडे ही लाट स्वातंत्र्यानंतर, बारा फोटो देणाऱ्या ‘आग्फा क्लिक’सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांबरोबर आली. १९६० मध्ये उटकमंड येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ फिल्मने तिला हातभार लावला. आता छायाचित्र काढणारा परका उरला नाही. तो भाऊ, मेहुणा, काका होता. त्याच्याकडे पाहून हसणे हा मर्यादाभंग राहिला नाही, आणि पुढे ‘जरा हसा की!’ ही आज्ञाच झाली. मुलीचे स्थळासाठी पाठवावयाचे छायाचित्र तेवढे बराच काळ जुन्या शिस्तीत राहिले. हसू नये आणि उदासही दिसू नये, एवढ्या अरुंद पट्टीत ते काढावे लागे.

या बदलाने भावना अधिक मोकळी झाली असे सरसकट मानण्यास लेखिका तयार नाही. हसण्याची सक्ती ही न हसण्याच्या सक्तीइतकीच सक्ती आहे. अलीकडच्या छायाचित्रांत प्रत्येक जण हसतो, आणि त्यामुळे कोणाचा कोणाशी काय संबंध आहे हे ओळखणे अवघड झाले आहे.

चौकटीबाहेरचे

बैठकीचा विचार करताना ज्यांना बैठकीत जागाच नव्हती त्यांचा विचार टाळता येत नाही. उच्चवर्णीय घरांत लग्नमुंजीच्या समूहचित्रांत विधवा स्त्रिया सहसा दिसत नाहीत. त्या घरात होत्या, पहाटेपासून स्वयंपाकघरात राबत होत्या. शुभप्रसंगी पुढे येणे त्यांना मना होते. या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. त्यात डावीकडून पुत्र यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव असा क्रम आहे. टॉबी नावाचा कुत्राही आहे. या चित्रातही कोणी हसत नाही. परंतु पती-पत्नी शेजारी आहेत आणि वैधव्य आलेली भावजय कोपऱ्यात नाही, रमाबाईंच्या जवळ आहे. दोन्ही मुले कडेला आणि स्त्रिया मध्यभागी, ही रचना हेतुपूर्वक केलेली असो वा नसो, त्या घरातील नाती ती सांगते. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी, रमाबाईंचे निधन झाले.

लेखिकेच्या घरातील एक छायाचित्र याच्या उलट आहे. ते १९४१ सालचे, आजोबांच्या मुंजीतले. वाड्याच्या चौकात सतरंजी अंथरून माणसे तीन ओळींत बसली आहेत. मधे आठ वर्षांचा बटू, त्याच्या एका बाजूस वडील, दुसऱ्या बाजूस आई. कोणीही हसत नाही. मागच्या पुठ्ठ्यावर पणजोबांनी शाईने, ओळ लावून, एकोणीस नावे लिहिली आहेत आणि चित्रात मोजली तर माणसेही एकोणीसच भरतात. चित्राच्या अगदी उजव्या कडेला माजघराची खिडकी आहे आणि गजांमागे एक काळसर आकृती आहे. ती डाग म्हणून सहज सोडून देता येते. ती आजोबांची आत्या, घरातील सर्वांची आक्का. आठव्या-नवव्या वर्षी वैधव्य आलेली आणि त्यानंतर माहेरीच राहिलेली. आजोबांना तान्हेपणापासून तिने वाढविले, असे घरात सांगत. तिचे आलवण तांबडे होते. काचेवर ते काळे आले.

शाईच्या नावांखाली, वेगळ्या अक्षरात, शिसपेन्सिलीने लिहिले आहे : "आणि आक्का, खिडकीत." अक्षर आजोबांचे आहे. पणजोबा हयात असताना ते असे काही लिहिणे संभवत नाही. तेव्हा ही नोंद १९६२ नंतरची असावी. आक्का त्याआधीच गेली होती. तिचे दुसरे छायाचित्र नाही.

काही वर्षांपूर्वी घरच्यांनी हे छायाचित्र शहरातील एका स्टुडिओत संगणकावर स्वच्छ करवून, मोठे करून घेतले. काम सुबक झाले. घड्या, डाग, वाळवीची भोके सर्व गेली आणि चौकट नीट बसावी म्हणून उजवी कडही कापली गेली. पाठीवरचा मजकूर कोणी दिलाच नव्हता. दिवाणखान्यात आता तीच प्रत लावलेली आहे आणि पाहुणे तिची तारीफ करतात. मूळ पुठ्ठा लेखिकेने मागून घेतला आहे. वर्गात छायाचित्रे जमा करताना आता दोन्ही बाजूंची प्रतिमा घेण्याची, कडा न कापण्याची आणि आणणाऱ्या विद्यार्थ्याने घरातील वयस्क स्त्रीला समोर बसवून नावे विचारून घेण्याची अट घातली आहे. ही अट सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीने आणलेल्या लग्नाच्या छायाचित्रात तिच्या आजीने एका दाराकडे बोट दाखविले. दार अर्धे उघडे होते आणि उंबरठ्याच्या आत जमिनीवर एक हात टेकलेला दिसत होता. नाव सांगावयास आजीला थोडा वेळ लागला. पण तिने ते सांगितले, आणि मुलीने ते लिहून घेतले.